गुरू, शुक्र आणि खंडेराव आप्पा

"मॅडम, येत्या बुधवारी कंजंक्शन आहे. तेवढं तुम्ही घ्या," मुख्याध्यापक भिकन अहिरे म्हणाले.

"घेतलं की सर. नववीचं झालं, दहावीचं उजळणीत घेते," योगिनी मॅडम म्हणाल्या.

"ते व्याकरणातलं हो. हे आकाशातलं. शुक्र आणि गुरू अगदी जवळ येणार आहेत. त्यालाही कंजंक्शनच म्हणतात. आपण अख्ख्या गावाला दाखवायचंय."

योगिनी मॅडम अकरा वर्षं चांदवडजवळच्या पिंपळदऱ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवत होत्या. अँड, बट, बिकॉज ही त्यांची रोजच्या उठबशीतली माणसं. गुरू-शुक्राशी त्यांची ओळख लग्नाआधी पत्रिका जुळवताना झाली होती, तेवढीच.

"सर, हे संतोष सरांचं काम. विज्ञान त्यांच्याकडे आहे."

"संतोष सर मतदार याद्यांवर आहेत. मालेगावात घरोघर फिरताहेत. आणि शब्द तुमच्याच पुस्तकातला आहे ना? मग झालं तर!"

नाही म्हणायची सोय नव्हती. पाचवीला तीन मुलं कमी पडत होती. जूनपर्यंत ती मिळाली नाहीत तर तुकडी तुटणार, तुकडी तुटली की एक शिक्षक जास्तीचा ठरणार, आणि सेवाज्येष्ठतेच्या यादीत सगळ्यांत खाली नाव होतं योगिनी मॅडमचं. जास्तीच्या शिक्षकाची रवानगी पार सुरगाण्याकडे होते, असा आजवरचा अनुभव. इकडे चांदवडला घर, सासूबाई आणि पहिलीतली मुलगी. तिला आई मग फक्त रविवारी दिसली असती.

तशी तीन मुलं गावात होती. मळ्यातल्या भिमाबाईच्या तिन्ही लेकांना एकाच वर्षी एकेक पोर झालं होतं आणि तिन्ही नातवंडं यंदा चौथीतून पाचवीत जाणार होती. पण चांदवडच्या इंग्रजी शाळेची पिवळी बस मळ्याच्या तोंडापर्यंत यायला लागली होती. योगिनी मॅडम दोनदा मळ्यात जाऊन आल्या. दोन्ही वेळा लेक आणि सुना भिमाबाईकडे बघत राहिले, आणि भिमाबाई कांद्याकडे.

तिसऱ्यांदा त्या कंजंक्शनचं आमंत्रण घेऊन गेल्या.

"येईन की," भिमाबाई म्हणाली. "काय दावती ते बघन, आन मंग नावं घालायची का नाय ते सांगन."

आता मात्र अभ्यास करणं भाग होतं. मॅडमनी संतोष सरांना फोन लावला. ते कुणाच्या तरी दारात उभे होते.

"सोप्पं आहे मॅडम. सूर्य मावळला की पश्चिमेकडे बघायचं. जास्त झगझगतो तो शुक्र, शेजारचा गुरू. फक्त वेळ सांभाळा. तुमच्याकडे पश्चिमेला डोंगर आहे, पावणेआठला दोघं त्याच्या आड जातील. ते काही कुणासाठी थांबत नाहीत."

मॅडमनी दुसऱ्या दिवशी नववीत सांगून टाकलं, की कंजंक्शन दोन असतात. एक दोन वाक्यांना जोडणारं, आणि एक दोन ग्रहांचं. "ग्रह खरे जवळ येत नाहीत बरं का. गुरू शुक्राच्या कितीतरी कोटी किलोमीटर मागे असतो. फक्त आपल्याला इथून ते शेजारी दिसतात."

पहिल्या बाकावरची पायल उठली. "मॅडम, मग त्यांच्या मधला अँड कुठंय?"

मॅडमनी फळा पुसायला घेतला. "खाली बस. हे परीक्षेला नाही," त्या म्हणाल्या, पण प्रश्न दिवसभर डोक्यातून गेला नाही.

मंगळवारी संध्याकाळी त्या गॅसवर कुकर चढवून तालमीसाठी गच्चीवर गेल्या. पश्चिमेला बघितलं आणि बघतच राहिल्या. महामार्गावरच्या ट्रकांच्या वर, विजेच्या तारांच्या वर, दोन दिवे लागले होते. एक लख्ख, एक जरा शांत. खाली कुणाचं कशाशी काही देणंघेणं नसल्यासारखे ते तिथे होते. कंजंक्शन हा शब्द अकरा वर्षं फळ्यावर लिहिला, पुसला, चुकीला लाल शाई लावली, आणि तो इथे डोक्यावर असाही लिहिलेला असतो हे कधी मान वर करून बघितलं नाही. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हे त्यांना सांगता आलं नाही. त्या दिवशी घरात सगळ्यांनी डाळीचा लगदा खाल्ला.

बुधवारी साडेपाचला त्या शाळेत पोचल्या आणि मैदानाच्या दारातच थांबल्या. मैदानावर मांडव घातला होता. चारी बाजूंनी झालर, वर लाल-पांढरं कापड, आणि खांबाखांबाला हॅलोजन.

"सर, आभाळ बघायचंय आपल्याला!"

"अहो, संस्थेचे अध्यक्ष येणार आहेत. खंडेराव आप्पांना उघड्यावर बसवायचं का? त्यांच्या पुतण्याचाच मांडव आहे, फुकट घातलाय. काढ म्हणायला तुम्ही जाता का?"

मॅडम गेल्या नाहीत. स्टेज मैदानाच्या पश्चिमेला होतं. त्यामागे वीस फुटी फ्लेक्स. त्यावर 'शुक्र-गुरू युती दर्शन सोहळा' असं लिहून मधोमध खंडेराव आप्पांचा हात जोडलेला फोटो होता. शुक्र आणि गुरू खालच्या कोपऱ्यात, मुद्रणालयाच्या फोन नंबराशेजारी. मॅडमनी हिशेब केला. आभाळाचा जो तुकडा गावाला दाखवायचा, नेमका तेवढाच फ्लेक्सने झाकला होता.

गाव मात्र लोटलं. भिमाबाई तिन्ही नातवंडांना घेऊन पहिल्या रांगेत येऊन बसली. ती फ्लेक्सकडे बराच वेळ बघत होती.

"बाई, दावायचं ते हेच का?" तिने आप्पांच्या फोटोकडे बोट केलं.

"नाही आजी. थोडं थांबा."

सहाचा कार्यक्रम. आप्पा पावणेसातला आले. दीपप्रज्वलनाला वारा सुटला, तिथे आठ मिनिटं गेली. मग स्वागतगीत झालं. मग सूत्रसंचालन करणाऱ्या योगिनी मॅडमच्या हातात अहिरे सरांनी सत्काराची यादी दिली. त्रेचाळीस नावं होती.

"सर, त्रेचाळीस?"

"एकही गाळू नका," अहिरे सरांच्या कपाळाला घाम होता. "गेल्या सव्वीस जानेवारीला माजी उपसरपंचांचं नाव राहिलं, तर महिनाभर त्यांचा ट्रॅक्टर आपल्या खो-खोच्या मैदानातून जात होता. गावात माणूस जेवणावाचून राहिला तर चालतो, सत्कारावाचून राहिलेला चालत नाही."

मॅडम नावं वाचत गेल्या. एकेक जण सावकाश उठायचा, टोपी सारखी करायचा, स्टेजवर चढायचा, शाल-श्रीफळ घ्यायचा, फोटो नीट आला का विचारायचा आणि उतरायचा. साडेसात वाजले तेव्हा चोवीस नावं झाली होती. मग आप्पांनी माइक ओढून घेतला.

"मंडळी, सत्कार चालूच राहतील. मधी मी दोन शब्द बोलतो."

आप्पांचे दोन शब्द म्हणजे पाऊण तास, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यांनी संस्थेच्या स्थापनेपासून सुरुवात केली. पाच मिनिटांनी ते शाळेच्या पहिल्या कौलारू खोलीपर्यंत आले. मॅडम फ्लेक्सच्या कडेला सरकल्या आणि हळूच मागे डोकावल्या. दोघं तिथे होते. डोंगराच्या धारेपासून हातभर वर. काल होते त्याहून जवळ. तीनशे माणसं त्यांच्याकडे पाठ करून नाही, तोंड करून बसली होती, आणि तरी एकालाही ते दिसत नव्हते.

पहिल्या रांगेत भिमाबाई उठली. तिने पदर खोचला, सगळ्यांत धाकट्या नातवाला चप्पल घातली.

मॅडमच्या डोळ्यांसमोर सुरगाण्याची एसटी उभी राहिली. पण त्याहीपेक्षा एक वाटलं, की ही माणसं हे न बघताच घरी जाणार. त्या सरळ स्टेजवर गेल्या आणि आप्पांच्या कानाशी लागल्या.

"आप्पा, माफ करा. दोन पाहुण्यांचा सत्कार राहिलाय."

आप्पांचं भाषण कुणी आजवर थांबवलं नव्हतं. पण हे वाक्यच तसं होतं. "कोण राह्यलं?" ते माइकवरच ओरडले. "अहिरे! कोण राह्यलं?"

अहिरे सर यादी चाळायला लागले.

"यादीत नाहीत ते," मॅडम म्हणाल्या. "लांबून आलेत, आप्पा. आजचा सोहळा त्यांच्याच नावाचा आहे. अर्ध्या तासापासून फ्लेक्सच्या मागे उभे आहेत. आणि पाच मिनिटांत निघायचंय त्यांना."

"मागं उभे? पाव्हणे मागं उभे, आन आम्ही खुर्चीत?" आप्पा लालबुंद झाले. "आण ती शाल! नारळ आण! मंडळी, चला समद्यांनी, टाळ्या वाजवायला कोण पायजे का नको?"

आप्पा शाल घेऊन निघाले. त्यांच्यामागे सदस्य, सदस्यांमागे ज्यांचे सत्कार राहिले होते ते आणि त्यांच्यामागे सगळं गाव. मांडवाच्या बाहेर, फ्लेक्सला वळसा घालून, हॅलोजनच्या पलीकडे, जिथे शाळेचं कुंपण संपतं आणि कांद्याची वावरं सुरू होतात तिथे सगळे आले आणि थांबले.

"कुठंयत?" आप्पा म्हणाले.

मॅडमनी फक्त हात वर केला.

आप्पांनी वर बघितलं. उघडलेली शाल त्यांच्या दोन्ही हातांत तशीच राहिली. डोंगर काळा होता, त्याच्या वर आभाळ निळसर, आणि त्यात ते दोघं, एकमेकांना खेटून, इतके स्वच्छ की कुणीतरी आत्ताच पुसून ठेवलेत असं वाटावं. एक मूल कडेवर रडत होतं, तेही थांबलं. तीनशे माणसं एका जागी आणि आवाज फक्त वावरातल्या पाटाच्या पाण्याचा. पिंपळदऱ्याच्या इतिहासात खंडेराव आप्पा तीन मिनिटं न बोलता उभे राहिल्याची दुसरी नोंद नाही.

"काय हो हे..." ते शेवटी म्हणाले, तेही पुटपुटल्यासारखं. "रोज डोक्यावर असतं हे?"

"म्या तं महिन्यापून बघती," मागून आवाज आला. भिमाबाई होती. "कांदा काढून घरी जाताना. आधी लय लांब व्हती दोघं. रोज जरा जरा जवळ यायची. परवा बोटभर राह्यली. कोणाला सांगावं? म्हातारी येडी झाली म्हणतील. म्हणलं मलाच दिसतंय."

कुणी हसलं नाही. आप्पा वळले. उघडलेली शाल परत घडी करायची नसते. आप्पा दोन पावलं पुढे आले आणि ती त्यांनी भिमाबाईच्या खांद्यावर घातली. नारळ हातात दिला. फोटोवाल्याला फोटो काढायचं सुचलं नाही. एकोणीस जणांचे सत्कार राहिले होते, पण त्या एकोणिसांपैकी कुणाच्याही ते लक्षात नव्हतं.

आधी गुरू डोंगराआड गेला, मग शुक्र. लोक तरी हलेनात.

"शाळंत शिकवत्यात व्हय हे?" भिमाबाईने विचारलं.

खोटं बोलायला हीच वेळ होती. "नाही आजी," योगिनी मॅडम म्हणाल्या. "मी इंग्रजीची बाई. मी स्वतःच काल पहिल्यांदा बघितलं. तुम्ही माझ्याआधी महिनाभर बघताय."

भिमाबाई आणखी थोडा वेळ रिकाम्या डोंगराकडे बघत राहिली.

"आता लांब जातील का?"

"हो. उद्यापासूनच."

"आन परत कवा येतील अशी जवळ?"

"अशी संध्याकाळी, इतकी जवळ? दोनतीन वर्षं तरी लागतील आजी."

भिमाबाईने नारळ धाकट्या नातवाच्या हातात दिला आणि शाल नीट अंगाभोवती घेतली. "तं मंग तवर तू हितून हालू नको," ती म्हणाली. "सकाळी येती तिघांना घिऊन. नावं लिही."