सात दिवस वाकायचं नाही

नाकाचं ऑपरेशन करून गारखेड्याच्या घरी आल्या आल्या बद्रीनाथनं जाहीर केलं, "सात दिवस डॉक्टर म्हणाले तस्सं राहणार. बघाच तुम्ही."

आणि माणूस राहिलाही तसाच, उगीच नावं ठेवायचं काम नाही. नाकातलं वाकडं हाड सरळ केलं होतं आणि वरून ही भली मोठी स्प्लिंट चिकटवली होती. तिला पाणी लागू द्यायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडून शिंकायचं, उशाला दोन उशा, आणि वाकायचं तर मुळीच नाही. स्प्लिंट हलून हाड सरकलं तर ऑपरेशन पुन्हा पहिल्यापासून. बारा वर्षं तोंडानं श्वास घेतलेला माणूस तो. पुन्हा त्या टेबलावर झोपायची त्याची बिलकुल तयारी नव्हती.

रागवायचंही नव्हतं, रक्त येतं म्हणून. हे ऐकूनच त्याला पहिला राग आला होता.

पाचव्या दिवशी कन्नडहून चुलते आले, तात्यासाहेब. निवृत्त मुख्याध्यापक. बाप गेल्यावर बद्रीला त्यांनीच लहानाचा मोठा केला. सोबत आवडाबाई काकू. या घराण्याची रीत अशी की तात्या दिसले की हातातलं काम टाकायचं आणि आधी त्यांच्या पायावर डोकं ठेवायचं. तात्या पलंगापुढं उभे राहिले, उजवा पाय जरासा पुढं सरकवला. बद्रीनाथनं बसल्या जागी हात जोडले.

तात्या वाट बघत राहिले.

"त्यांना वाकायची मनाई आहे, तात्या," बद्रीची बायको तनुजा घाईनं म्हणाली.

"ऑपरेशन नाकाचं झालं का कंबरेचं?"

"नाकाचंच. पण डॉक्टर म्हणाले..."

"मग कंबरेला काय धाड भरली?"

बद्रीनाथचं कानशील तडतडायला लागलं. चाळीस वर्षं शाळा शिकवली या माणसानं, आणि याला एवढं समजू नये? "तात्या, रक्त येतं," तो दात आवळून म्हणाला.

"आमच्या अंगात रक्त नव्हतं व्हय?" तात्यांनी तनुजानं पुढं केलेला पाण्याचा तांब्या बाजूला सारला. म्हणजे संबंध तुटले. काकूंनी डोळ्याला पदर लावला.

बरं, निघून तरी जावं! तसंही नाही. तिथंच सोफ्यावर बसून तात्यांनी गावी दुसऱ्या पुतण्याला फोन लावला. "कडुबा, बद्री आता वाकत नाय बरं का. लई मोठा झाला."

दहा मिनिटांत बद्रीचा फोन वाजायला लागला. कडुबा म्हणाला, "दादा, एवढा माज बरा नाय." आत्या म्हणाली, "मला तुझ्या लग्नातच शंका आली होती." ऑपरेशन कसं झालं, हे एका मेल्यानं विचारलं नाही. इकडं बद्रीचा पारा चढत होता आणि नाकाखालचा कापूस लाल होत होता.

"रागवू नका," तनुजा म्हणाली.

"मी रागावलेलो नाही!" तो ओरडला, आणि कापूस पुन्हा बदलावा लागला.

आरडाओरडा ऐकून शेजारचे शफीकभाई आले. फर्निचरवाले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बस, इतनीच बात? हे खाली वाकू शकत नाहीत, तर तात्यासाहेबांना वर घ्या की."

गंमत म्हणजे यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. जेवायच्या टेबलावर खुर्ची ठेवली. शफीकभाईंनी आणि तनुजानं धरून शहात्तर वर्षांच्या तात्यांना तीवर बसवलं, गणपती बसवतात तसं. पाय आता बरोबर बद्रीच्या कंबरेला आले. तो ताठ उभा राहिला, मान इंचभर न हलवता दोन्ही हात पायांवर ठेवले आणि कपाळाला लावले.

तात्या विरघळले. डोळे भरून आले. "माझं लेकरू रे," म्हणत त्यांनी वरूनच बद्रीचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि मायेनं मांडीत ओढलं. गुडघा थेट स्प्लिंटवर बसला.

बद्रीनाथ जे ओरडला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

रिक्षा करून सगळी वरात दवाखान्यात. डॉक्टरांनी बॅटरी मारून दोन्ही नाकपुड्या तपासल्या. तेवढा वेळ बद्रीनं श्वास रोखून धरला होता, आणि तोही तोंडाचा.

"हाड जागेवर आहे," डॉक्टर म्हणाले. "पण स्प्लिंट सुटली. नवी लावलीय, आजपासून पुन्हा सात दिवस. तुम्हाला वाकू नका म्हणून सांगितलं होतं ना? कुणासमोर वाकायला गेलात?"

बद्रीनाथनं संतापानं दाराकडं बोट केलं. दारात तात्या उभे होते.

"गुरुजी?" डॉक्टर खुर्चीवरून ताडकन उठले आणि कंबरेत वाकून त्यांनी तात्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "ओळखलं का? सातवीला तुमच्याच हाताखाली होतो."

तात्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि डॉक्टरांच्या डोक्यावरून बद्रीकडं बघितलं.

"बघ. डॉक्टर असून वाकला."