पलंगाखालची मित्रबुरशी

"उदयभाऊंचे टोमॅटो एकदा हातात घेऊन तरी बघा हो," असं अलका नवऱ्याला त्या आठवड्यात चौथ्यांदा म्हणाली, तेव्हा शिवराजरावांनी ठरवलं, आता आपणही बुरशी वाढवायची. (रेल्वेच्या कचेरीत तेवीस वर्षं फायली सांभाळलेला माणूस. बुरशी त्यांना नवी नव्हती. मुद्दाम कधी वाढवली नव्हती इतकंच.)

तारनाक्याच्या त्या बिल्डिंगीत उदय समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायचा. शेतातला टाकाऊ पालापाचोळा आंबवून तो त्यावर मित्रबुरशी वाढवतो, ती कुंड्यांत घातली की मुळं कुजत नाहीत, हे सगळं अलकाच कौतुकानं सांगायची. तिच्या तोंडून 'मित्र' ऐकलं की शिवराजराव टीव्हीचा आवाज वाढवायचे.

उदयला विचारणं तर शक्यच नव्हतं. मोबाइलवर तीन व्हिडिओ बघून ते मलकपेठेत रसवाल्याकडे गेले आणि पोतंभर उसाची चिपाडं मागितली.

"क्या साब, भैंस पाले क्या?"

"नक्को पूछो," शिवराजराव म्हणाले.

अलका भिशीला गेल्यावर त्यांनी चिपाडं बारीक केली, त्यात भाताचा कोंडा आणि गुळाचं पाणी कालवलं, कुकरच्या सात शिट्ट्या काढल्या. सगळं गार झाल्यावर टबात काढून दुकानातून आणलेलं बुरशीचं बियाणं विरजणासारखं लावलं आणि टब फडक्यानं झाकून पलंगाखाली सरकवला.

"घरात कसला हो आंबूस वास येतोय?" अलकानं दुसऱ्याच दिवशी विचारलं.

"समोरून येत असेल," शिवराजराव तत्परतेनं म्हणाले.

तिसऱ्या दिवशी पांढरी लव आली, सहाव्या दिवशी सगळं हिरवंगार. लेक गौरीच्या बारावीच्या निकालालाही ते इतके हळवे झाले नव्हते.

रविवारी ते दाढी करत होते, तोच आतून किंकाळी आली.

"उदयभाऊ! ओ उदयभाऊ! लवकर या, पलंगाखाली बघा काय झालंय!"

(नवरा आठ फुटांवर उभा होता.)

उदय धावत आला. टबापुढे गुडघे टेकून बसला. "वहिनी, ही कुणी केली?"

"केली कसली? काहीतरी सडलंय."

"सडलेलं नाही हो, अस्सल मित्रबुरशी आहे! माझी दर खेपेला काळी पडते. दोन महिने झाले, मी तयार पाकीटच आणतोय. बाहेर बोलू नका."

शिवराजराव अर्ध्या साबणासकट पुढे झाले. "मी केली."

अलकानं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. असं तिनं लग्न ठरतानाही पाहिलं नव्हतं.

"मला शिकवाल?" उदयनं विचारलं.

"बघू. सवड झाली तर."

उदय गेल्या गेल्या अलकानं नांदेडला थोरल्या बहिणीला फोन लावला, तोही स्पीकरवर. शिवराजराव पेपरामागे कान टवकारून बसले.

"इंदुताई, आमच्या ह्यांना काय सुरेख बुरशी आलीय म्हणून सांगू! हिरवीगार! समोरचे उदयभाऊ गुडघे टेकून बघत होते!"

पलीकडून इंदुताईंचा काळजीचा आवाज आला,

"अगं, पण शेजाऱ्यांना काय दाखवत बसलात? आधी डॉक्टरकडे न्या की त्यांना!"