दळवींचा खून सुमार ठरला

भोरकुंडीत सिनेमातला खुनी समीक्षकाला खरा वाटला, तर पोलीस त्या नटाला सोमवारी सकाळी अटक करतात. पोलिसांना सिनेमे बघायला सवड कुठली, म्हणून रविवारच्या ‘कुंडीवार्ते’तलं परीक्षण हाच पुरावा. गावाची रीतच आहे ती. कोणाला त्यात वावगं वाटत नाही.

त्यामुळे ‘बोळातला माणूस’ लागला आणि मंदाकिनी दळवीच्या तोंडचं पाणी पळालं. त्यातला खुनी तिचा नवरा, अच्युत. एरवी तो लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवी, म्हणून टोपी आणि कोट घरचाच निघाला. निर्मात्याकडे दिवा एकच, बाकी नुसत्या सावल्या. पाऊससुद्धा बागेतल्या झारीचा. पण त्या झारीखाली अच्युत असा काही उभा राहिला, की बाईच्या काळजात चर्र झालं.

सिनेमात ज्याचा खून झाला तो तिचा सख्खा भाऊ, विनायक. शनिवारी तो तिच्याच ओट्याशी उभा राहून थालीपीठ खात होता.

“ताई, मी जिवंत आहे असं ठाण्यात सांगून येऊ का?”

“मागच्या सिनेमातल्या मयतानं सांगितलंच होतं की. मयत फितूर झाला म्हणाले. खा तू गुमान.”

मग लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन ती समीक्षक पाठारे मास्तरांकडे गेली.

“मास्तर, आमच्या ह्यांना चांगलं म्हणू नका हो. संसार उघड्यावर पडेल.”

“वहिनी, लोणच्यानं माझं मत बदलत नाही,” मास्तर म्हणाले. “आणि गरजही नाही. दळवी सुमार, असं लिहून दिलंय मी. माणूस खून करायला निघालाय की दूध आणायला, कळत नाही.”

मंदाकिनीच्या जिवात जीव आला. देव पावला म्हणायचं! उंबऱ्यापर्यंत गेली, काय वाटलं कोण जाणे, परत फिरली आणि बरणी उचलून घेऊन आली.

रविवारी अच्युतनं परीक्षण वाचलं आणि चहा तसाच ठेवला. शेजारीपाजारी पेढे घेऊन आले. “सुमार निघालात, फार बरं झालं हो!” प्रत्येक पेढ्यागणिक बिचाऱ्याची मान खाली जात होती. सोमवारी तरीही तो दाढी करून, कोट घालून पायरीवर बसला. पोलिसांची जीप आली, आणि दारावरून सरळ निघून गेली. तो उगाच कोटावरची धूळ झटकत राहिला. मंदाकिनीला ते बघवेना. तिनं चपला अडकवल्या, विनायकला हाताला धरलं आणि तडक ठाणं गाठलं.

“माझ्या नवऱ्यानं माझ्या भावाचा खून केलाय. लिहून घ्या.”

फौजदारांनी ‘कुंडीवार्ता’ उघडली. “परीक्षणात तसं काही दिसत नाही, बाई.”

“परीक्षण गेलं चुलीत! मास्तरांना काय कळतंय? मी पहिल्या रांगेत बसले होते. माझ्या माणसाला मी ओळखत नाही होय?”

फौजदारांनी विनायककडे पाहिलं. “आणि आपण?”

“मयत,” विनायक म्हणाला. “सुरा लागला तेव्हा खरंच वाटलं, साहेब. अजून पाठ दुखते.”

पुरावा भक्कम होता. जीप परत गेली आणि अच्युतला घेऊन आली. त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली आणि हात पुढे केले. बेड्या घालणारा हवालदार घाबरून दोन पावलं मागे सरकला.

मंदाकिनीनं फौजदारांकडे वळून पाहिलं. “बघितलंत?” ती म्हणाली, आणि पदरानं डोळे टिपले.