शंभर तासांची बॅटरी

दादाराव गेले त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, परदेशात मुलीच्या बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये एकाच गोष्टीवरून रण पेटलं होतं: बॅटरी.

"बॅटरीशिवाय मी बोटीत पाय ठेवणार नाई," दादारावांनी जाहीर केलं. पस्तीस वर्षं अकोला डेपोत वाहतूक नियंत्रक होते ते. हेडलाईट तपासल्याशिवाय त्यांनी एकही एसटी फाटकाबाहेर सोडली नव्हती. मुलीच्या बोटीला ते वेगळा नियम लावणार नव्हते.

मैत्रेयीने कपाळाला हात लावला. सोमवारी बाबांचं परतीचं विमान होतं आणि शिडाची बोट मिळाली होती ती फक्त शनिवारी संध्याकाळी. कधीतरी फोनवर बाबा बोलून गेले होते, "शिडाच्या बोटीत बसायचं राहूनच गेलं बुवा." तेवढ्यावर तिने आठ महिने क्लबात शीड ओढून तळहाताला घट्टे पाडून घेतले होते. उद्या बाबा आले नाहीत, तर ते सगळं पाण्यात.

"बाबा, मोबाइलला असते की बॅटरी."

"मोबाइल पाण्यात पडला तर? तुझ्याच बोटीच्या पुस्तकात लिहिलंय ना, तरंगणारी पाहिजे, लाल उजेडाची पाहिजे, म्हणजे डोळे दिपत नाईत. मी वाचलं सगळं. तू तुझी मीटिंग कर."

मैत्रेयी खोलीत जाऊन लॅपटॉपसमोर बसली. दादारावांनी पुस्तकाच्या मागचा, बोटीच्या सामानाच्या दुकानाचा नंबर फिरवला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"हॅलो! आय वॉन्ट बॅटरी. फॉर सेलबोट."

"कॅन, कॅन," पलीकडून म्हाताऱ्या आवाजात होकार आला. "हंड्रेड अँप-अवर, ओके?"

दादाराव हरखले. "मैत्रू! शंभर तास चालते म्हणून राहिला!" मग फोनमध्ये, "वॉटरप्रूफ?"

"सील्ड, अंकल. फुल्ली सील्ड."

"रेड पाहिजे. रेड!"

"वन रेड, वन ब्लॅक. बोथ हॅव."

"अँड फ्लोट?"

"फ्लोट ऑल्सो कॅन."

दादारावांनी विजयी मुद्रेने पत्ता सांगितला. इतकी गुणी बॅटरी अकोल्यात औषधालाही मिळाली नसती.

अकरा वाजता दुकानदार स्वतःच दारात उभा राहिला. अंकल लिम, सत्तरीचे, घामाने निथळलेले. समोर ट्रॉली, ट्रॉलीवर खोकं, खोक्यात अठ्ठावीस किलोंचा काळा ठोकळा. वर दोन खुंट्या, एक लाल, एक काळी.

"ही हातात कशी धरायची?" दादारावांनी मराठीतच विचारलं. अंकलनी सहीसाठी कागद पुढे केला.

तपासल्याशिवाय सही? दादारावांच्या हातून ते होणं शक्य नव्हतं. त्यांनी कपडे भिजवायचा टब भरून दाराशी ओढून आणला आणि अंकल "नो, नो, नो!" म्हणेपर्यंत ट्रॉली कलती केली. बॅटरी थेट तळाला गेली. टबाचा तळही तिच्याबरोबर गेला. पाणी उंबरठा ओलांडून कॉरिडॉरमध्ये शिरलं. तरंगल्या त्या फक्त शेजारणीच्या चपला, आणि त्या लिफ्टच्या दिशेने निघाल्या.

मैत्रेयी मीटिंगमध्ये "वन मिनिट" म्हणून धावत आली.

"याला सांग, हे तरंगत नाई! फसवून राहिला!"

"अंकल, यू पुट बॅटरी इन वॉटर?" लिम किंचाळले. "फ्लोट इज फॉर चार्जिंग, लाह! स्लो, स्लो चार्जिंग!"

"आणि बटन? व्हेअर इज बटन?"

"बटन फॉर वॉट?"

"फॉर लाईट!"

मग अंकल लिम भिंतीला टेकले आणि पोट धरून हसायला लागले. "अय्यो! यू वॉन्ट टॉर्च!"

"बाबा," मैत्रेयी चपला गोळा करत म्हणाली, "इथे बॅटरीला टॉर्च म्हणतात."

"मग बॅटरीला काय म्हणतात?"

"बॅटरी."

"मग माझं चुकलं कुठं?"

मैत्रेयीने चपला शेजारणीच्या दाराशी नेऊन ठेवल्या.

अंकल लिम भले गृहस्थ. त्यांनी खाली उभ्या व्हॅनमधून एलईडी टॉर्चची पिशवी आणली आणि परीक्षा सुरू झाली. ॲल्युमिनियमचा एक रुबाबदार टॉर्च बाथरूमच्या बादलीत बुडाला, तो नापास. दुसरा तरंगला, पण ओल्या बोटांनी त्याचं बटन दबेना. तिसऱ्याला आठ प्रकारचे उजेड होते. अंधार हवा म्हणून दादाराव तो घेऊन कपाटात शिरले. आत वीज चमकावी तसा लखलखाट झाला आणि पाठोपाठ आवाज आला, "बंद कसा करायचा? मैत्रू, दार उघड!" बाहेर आले तेव्हा त्यांना दोन मुली आणि चार लिम दिसत होते.

चौथा पिवळाधमक, रबराच्या मुठीचा. तो तरंगला. तोंड वर करून तरंगला, तेही पेटलेला. अंगठ्याएवढं बटन, वेगळा लाल उजेड, मनगटात अडकवायला दोरी. दादारावांनी तो उलटा केला, आपटला, कानाशी हलवून पाहिला. खोट सापडेना. त्यांचा चेहरा मात्र उतरत चालला होता.

"पिवळा आहे," ते शेवटी म्हणाले.

"मग?"

"शोभत नाई."

तरी मैत्रेयीने तोच ठेवून घेतला. अंकलना लिफ्टपर्यंत सोडायला गेली तेव्हा ते हळूच म्हणाले, "युअर फादर व्हेरी स्केअर्ड, लाह. सी स्केअर्ड. दॅट्स वाय सो मेनी टेस्ट."

ती परत आली. दादाराव फरशी पुसत होते.

"बाबा, घाबरता की काय?"

"मी? ब्रेक गेलेल्या एसटीत बसून घाट उतरलो आहे मी!" त्यांनी फडकं जोरात पिळलं. "आता लाइफ जॅकेटचं पाहू. त्याची शिवण कशी असते?"

मैत्रेयी खूप हसली. एक वाक्य अगदी ओठांवर आलं होतं, पण लॅपटॉपवर कोणीतरी तिचं नाव घेत होतं. ती आत गेली.

शनिवारी सकाळी दादाराव उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच.

तीन आठवड्यांनी क्लबाने रद्द झालेल्या फेरीची नवी तारीख दिली. संध्याकाळी साडेपाचला मैत्रेयी धक्क्याच्या कडेला उभी राहिली. बोट खाली डुलत होती. शिकवणारा तरुण म्हणाला, "कम, स्टेप इन." तिने एक पाय उचलला आणि, गेले आठ महिने दर वेळी चढण्याआधी एकदा ठेवायची तसा, परत खाली ठेवला.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली. मराठीत, त्या तरुणाच्या तोंडावर. "मलाही भीती वाटते हो. पहिल्या दिवसापासून वाटते. तुम्हाला हौस आहे म्हणून शिकले मी. एक शब्द बोलला असतात, तर दोघं घरी बसून भजी खाल्ली असती."