टोप्या मोजायच्या, तोंडं नाही

बोटीवरून उतरण्याआधीच बाईंनी सगळ्यांची कार्डं गोळा करून स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन नीट लागली ना, ते ओढून पाहिलं.

"संध्याकाळी धक्क्यावर आलो की एकेकाला परत देईन," त्या म्हणाल्या. "कार्डाशिवाय बोटीवर घेत नाहीत, आणि शेवटचा भोंगा झाला की बोट कुणाच्या बापासाठी थांबत नाही. तेव्हा रांग सोडायची नाही."

"आणि मध्येच भूक लागली तर?" बाईंच्या यजमानांनी, म्हणजे अप्पांनी विचारलं.

"रांगेतच लागू दे."

बाई जन्मभर मुख्याध्यापिका होत्या आणि निवृत्तीचा त्यांच्यावर काडीचाही परिणाम झालेला नव्हता. सफरीला आलेली मंडळी म्हणजे त्यांच्याच शाळेतले निवृत्त शिक्षक. बाईंनी प्रत्येकाला भडक पिवळी टोपी दिली, दोघादोघांच्या जोड्या लावल्या, तरी एकाचीही चूं करायची हिंमत झाली नाही. सहलीच्या बाबतीत बाईंचं एक शास्त्र होतं. टोप्या मोजायच्या, तोंडं नाही. तोंडं इकडे वळतात, तिकडे वळतात, टोपी आपली डोक्यावर असते. या शास्त्रामुळे त्यांच्या सहलीत आजवर एकही पोर हरवलं नव्हतं, आणि हे त्या दिवसातून एकदा तरी ऐकवत.

शहर जुनं, समुद्राला खेटून चढावर वसलेलं. कुठेही जायचं म्हणजे दगडी पायऱ्या चढायच्या. किल्ला झाला, घंटाघर झालं, जुनं तोफखाना-घर झालं. अप्पांच्या गुडघ्यांनी घंटाघरापाशीच असहकार पुकारला होता. सहल म्हणजे पाण्याकडे तोंड करून बसणं, एवढी त्यांची साधी कल्पना. चौकातल्या झाडाखालचा बाक दिसला आणि त्यांचा जीव तिथे अडकला.

बाकावर त्यांच्याच वयाचा, त्यांच्याच अंगलटीचा एक गावकरी बसला होता. डोक्यावर गवती हॅट, चेहऱ्यावर कंटाळा. पिवळ्या रांगेकडे तो असा टक लावून बघत होता, की शाळेत नाव न घातलेल्या पोराची आठवण व्हावी. अप्पांनी स्वतःच्या टोपीकडे बोट दाखवलं, मग रांगेकडे, मग त्याच्याकडे. तो टुणकन उठला. भाषा एकाची दुसऱ्याला कळत नव्हती, पण सौदा क्षणात झाला. पिवळी टोपी त्याच्या डोक्यावर गेली, हॅट अप्पांच्या.

रांगेत अप्पांच्या जोडीला मेहुणा होता, बाईंचा धाकटा भाऊ. त्याने नवा मोबाइल घेतला होता आणि सकाळपासून जग तो त्यातूनच बघत होता.

"तू काही बघितलं नाहीस," अप्पा कुजबुजले. "शेवटच्या वळणावर मी परत येतो."

"भाऊजी, ताईला कळलं तर ती मला कोंबडा करून उभं करेल."

"आणि तू बोलला नाहीस, तर मी तुला उद्यापासून फोटो काढताना हसणार नाही."

ही लाच मोठी होती. मेहुण्याने मोबाइल पुन्हा डोळ्यांसमोर धरला. पुढून बाईंचा आवाज आला, "टोप्या!" सगळ्यांनी माना ताठ केल्या, बाईंनी नजर फिरवली, टोप्या भरल्या, रांग निघाली. नवा गडी तर असा ऐटीत पाय टाकत होता, की रांगेची शिस्त एकदम वाढली.

अप्पा बाकावर पसरले. समोर निळं पाणी, झाडाची सावली, कुणी माहिती सांगत नव्हतं. त्यांनी हॅट डोळ्यांवर ओढली आणि बूट सैल केले. अर्धवट झोपेत त्यांना कळलं, की आपल्या दंडावर कुणीतरी चापटी मारली आहे आणि चापटीपाठोपाठ एका बाईचा आवाज तडतडतो आहे. शब्द एकही कळला नाही. पण लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला अशा बोलण्यातले शब्द कळावे लागत नाहीत. अप्पा उठून उभे राहिले. लगेच त्यांच्या दोन्ही हातांत बटाट्यांनी भरलेल्या जड पिशव्या आल्या.

ती पुढे, पिशव्या मागे. ती मागे वळून न बघता अखंड बोलत होती, आणि अप्पा सवयीने योग्य जागी "हं, हं" करत होते. हुंकार सगळीकडे सारखाच असावा, कारण तिला काहीच खटकलं नाही. रांग सोडून चुकवलेल्या सगळ्या पायऱ्या, वर आणखी काही, ते बटाट्यांसकट चढले. "मी तो नव्हे" हे सांगायचं त्यांच्या मनात होतं, पण दम उरला नव्हता.

घरात शिरताच तिने शिडीकडे बोट केलं, मग खिडकीवरच्या पडद्यांकडे. अप्पा मुकाट्याने शिडीवर चढले. पहिला पडदा निघाला, दुसरा निघाला, तिसऱ्याला हात वर करताना हॅट खाली पडली. हॅट द्यायला तिने मान वर केली आणि मग जी किंकाळी फोडली, ती ऐकून शेजारच्या खिडक्या उघडल्या.

अप्पा पडदा अंगावर घेऊनच खाली आले. त्यांनी खाणाखुणांनी सगळं समजावलं: पिवळी टोपी, रांग, तुमचा नवरा, बोट. तिला फक्त "तुमचा नवरा" एवढं कळलं असावं. तिने लाटणं उचललं. तेवढ्यात बंदरावरून पहिला भोंगा ऐकू आला.

भोंगा ऐकताच अप्पांच्या गुडघ्यांनी असहकार मागे घेतला. ते पायऱ्या उतरत पळाले, मागे ती हॅट आणि लाटणं घेऊन. पळताना त्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं: बोट निघाली आहे, बाईंच्या पर्समध्ये आपलं कार्ड आहे, बाईंच्या शेजारी आपल्या टोपीत तो बसला आहे, आणि आपण उरलेल्या आयुष्यात पडदे काढतो आहोत.

धक्क्यावर रांग उभी होती. बाई एकेकाला कार्ड देऊन शिडीवर सोडत होत्या. शेवटी राहिला होता तो पाहुणा. टोपी नीट, छाती पुढे, खांद्यावर बाईंची पाण्याची पिशवी. अप्पा धापा टाकत त्याच्या मागे येऊन उभे राहिले.

"रांगेत घुसायचं नाही," बाई न बघता म्हणाल्या.

"अगं, मी आहे!"

बाईंनी शांतपणे मान वर केली. पाठोपाठ लाटणंवाली आली, नवऱ्याला पिवळ्या टोपीत बघून थबकली, आणि तिने बाईंकडे पाहिलं. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. दोघींनी एकाच वेळी एक लांब सुस्कारा सोडला, माना हलवल्या, आणि आपापला माणूस ताब्यात घेतला. टोपी आणि हॅट जागच्या जागी गेल्या. जाताना त्या गृहस्थाने बाईंपुढे हॅट काढून अशी अदब दाखवली, की अप्पांना ती मुळीच आवडली नाही.

बोट सुटल्यावर दोघं कठड्याशी उभी होती. अप्पा ओरडा खायची वाट बघत होते, पण बाई खुशीत समुद्र बघत होत्या. शेवटी मेहुण्याने फोटो दाखवायला आणले. कारंज्यापाशी बाई आणि तो, दीपगृहापाशी बाई आणि तो. प्रत्येक फोटोत बाईंचं तोंड उघडं आणि तो मान डोलावतो आहे.

"ताईने दुपारी मला पुढे पाठवलं," मेहुणा म्हणाला, "आणि स्वतः त्याच्या जोडीला आली," आणि तो तिथून सटकला.

"म्हणजे तुला कळलंच नाही, तो मी नाही ते?" अप्पांनी विचारलं.

"लगेच कळलं. मी बोलायला लागले आणि पहिलं वाक्य पुरं झालं, तरी मध्ये कुणी तोडलं नाही."

"मग गप्प का बसलीस?"

"गप्प कुठे? दिवसभर बोलतच होते."

"अगं, त्याला एक अक्षर कळलं नसेल!"

"असू दे. ऐकत तरी होते."

अप्पांनी कठड्यावर बोटं वाजवली.

"इतकं काय सांगितलंस त्याला?"

"सगळं. इतक्या वर्षांत तुम्हाला सांगायचं राहिलेलं."

"मग आता सांग ना. मी ऐकतो. शपथ, मध्ये बोलणार नाही."

बाईंनी मागे पडणाऱ्या शहराकडे पाहिलं आणि समाधानाने पदर खोचला.

"आता परत कोण सांगत बसणार?" त्या म्हणाल्या. "सांगून झालं."