डोंगरावरच्या द्राक्षांची छाटणी

"फळ माझ्या हाताले कळते, साहेब!" गुणवंता छातीवर हात मारून म्हणाला. "माझ्यावानी मोठं-बारीक निवडून संत्र्याची छाटणी साऱ्या पांढुर्ण्यात कोणाले जमत नाही. द्राक्षं तं काय, चुटकीसरशी आणतो!"

नागपूरचे फर्नांडिससाहेब वाईन करायला निघाले होते. त्यासाठीची द्राक्षं पचमढीकडच्या एका थंड डोंगरावर पिकत. गुणवंतानं तिथून आणलेला माल पसंत पडला की त्याला वर्षभराचं काम मिळणार होतं, आणि संत्र्याचा हंगाम सरल्यापासून तो घरी रिकामा बसला होता.

डोंगरावर मफलरात तोंड खुपसून त्यानं माल पाहिला, अन् कपाळावर हात मारला. द्राक्षं कसली, काळ्या मिऱ्याच्या मोठ्या बहिणी! एक चाखलं, तर मिटलेला डोळा इटारसीपर्यंत उघडला नाही!

'मळेवाल्यानं फसवलं! साहेब दारात उभं करणार नाहीत!' गाडीत तो पेट्यांवर जीव मुठीत धरून बसला.

घरी पोचताच त्यानं छाटणी मांडली. संत्र्यासारखीच. मोठं फळ इकडे, बारीक तिकडे. तिकडे ढीग झाला, इकडे ओंजळभर!

"अवो, सारंच फेकून राहिले तुमी!" बायको प्रेमलता म्हणाली.

"तुले काय समजते वं? असा माल दाखवला तं काम गेलंच!"

मग बाजारातून टपोरी हिरवी द्राक्षं आणून, खाली-वर भाताचं वाळकं तणस घालून त्यानं पेट्या भरल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांची जीप आली. साहेबांनी झाकण उघडलं. लावलं. पुन्हा उघडलं.

"गुणवंता, माझी बारीक काळी द्राक्षं कुठं आहेत?"

"तो कचरा काढला, साहेब! आंबट ढाण होता!"

"अरे, तोच तर माल! वाईन त्याचीच होते!"

गुणवंता घराकडे वळून ओरडला, "प्रेमलते! कुठं फेकली वं?"

"फेकाले मी काय येडी हाओ? एवढं आंबट फळ! मोहरी-तिखट लावून कालच लोणचं घातलं."

साहेब ओट्यावर मटकन बसले. दारी आलेला माणूस उपाशी कसा धाडायचा म्हणून प्रेमलतेनं गरम भाकर अन् लोणचं पुढं ठेवलं. साहेबांनी बोट चाटलं. भुवया वर गेल्या. नाक पुसत त्यांनी दुसरी भाकर मागितली, मग तिसरी.

वाईन त्या साली राहिलीच. वर्षभराचं काम मात्र त्याच ओट्यावर ठरलं. लोणच्याचं. प्रेमलतेला!

गुणवंताही कामावर आहे. बरण्या धुतो, मोहरी कुटतो. फक्त छाटणीला बायको त्याला हात लावू देत नाही!