हेमराजभाऊंचा अर्धा हात

हेमराजभाऊंनी आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "हातच तर वर करायचा हाय. वखर थोडाच धरायचा हाय? तुम्ही निवांत राहा."

चिमूरकडच्या त्या गावात सरपंच वामनरावांवर अविश्वास ठराव आला होता. हेमराजभाऊंच्या मोहल्ल्यात नळाचे पाइप गाडून दोन उन्हाळे गेले, पण पाणी काही पोचलं नव्हतं. ठराव पास व्हायला दोन तृतीयांश सदस्यांचे हात लागत होते आणि एकच कमी पडत होता, त्यामुळे सारं अडलं होतं सदस्य हेमराजभाऊंच्या हातावर. दोन्ही बाजूंचा चहा पिऊन पिऊन माणूस पार आंबून गेला होता.

एक गोष्ट मात्र त्यांनी बाहेर सांगितली नव्हती. दिवाळीनंतर मानेतली गाठ काढली, तेव्हा एक नस दुखावली. डॉक्टर म्हणाले होते, "मेंदूतून नसांच्या बारा जोड्या निघतात, त्यातली ही अकरावी. मान वळवणं, खांदा उचलणं हिचं काम. सावकाश सुधारेल." तेव्हापासून उजवा खांदा ओल्या पोत्यासारखा लोंबत होता आणि हात खांद्याच्या वर जात नव्हता. पण ऐन वेळी जोर लावला की जाईल, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

सभेत तहसीलदार साहेब म्हणाले, "ठरावाच्या बाजूचे हात वर करा."

हात वर गेले. हेमराजभाऊंचा खांद्यापर्यंत आला आणि बिघडलेल्या रेल्वे फाटकासारखा तिथेच अडकला.

"हा हात वर आहे की खाली?" साहेबांनी विचारलं.

"वरच हाय जी," पत्रू म्हणाला. पत्रू म्हणजे भाऊंचा शेजारी, ठराव त्यानंच आणलेला.

"आळस देऊन राह्यला तो," वामनराव म्हणाले.

"साहेब, माही नस..." भाऊ बोलू लागले, पण दोन्हीकडून गलका उठला. उकाड्यानं वैतागलेल्या साहेबांनी तो हात मोजलाच नाही.

भाऊंनी डाव्या हातानं उजवं कोपर धरलं, डोळे मिटले आणि सगळा जीव लावून हात खालून रेटला. एकदाचा तो डोक्यावर उभा राहिला. डोळे उघडले तर पत्रूचा हात खाली आणि वामनरावांच्या माणसांचे वर. गलक्यात साहेब पुढचं बोलून गेले होते: "आता ठरावाच्या विरोधातले."

ठराव पडला. वामनराव गहिवरले आणि भाऊंच्या त्याच खांद्यावर पडले.

घरी भागीरथाबाईंनी रागारागानं नवऱ्याचं सगळं ऐकून घेतलं. "अन् डावा हात काऊन नाई वर केला जी?"

हेमराजभाऊंनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. "सुचलंच नाई," ते म्हणाले.

आठवडा उलटायच्या आत वामनरावांनी माणसं लावून पाइप जोडला. पाणी आलं, पण हेमराजभाऊंच्या दारापर्यंतच. भागीरथाबाईंचा राग तिथेच मावळला. मोहल्ला मात्र सकाळ-संध्याकाळ त्या एका नळावर भांडी भरू लागला, आणि भरता भरता भाऊ विकला गेला म्हणून शिव्या देऊ लागला.

"पत्रू, तुले खरं सांगतो बावा," भाऊ थकून म्हणाले, "ते नसेमुळं झालं."

पत्रूनं भरलेली बकेट बाजूला सरकवली, दुसरी लावली.

"नसेमुळंच झालं, भाऊ. वामनरावानं कोणती दाबली, ते सारं गाव पाहून राह्यलं. नळ जरा मोठा सोडा."